दोन किलोबाइटची शिदोरी

पवनी तालुक्यातलं आसगाव हे चौरास पट्ट्यातलं, म्हणजे धानाचं गाव. शेतीपंपाची थ्री-फेज लाइन पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की टॉर्च आणि काठी घ्यायची आणि धुऱ्याधुऱ्याने विहिरीपर्यंत जाऊन मोटर सुरू करायची. बांधीतल्या सापांचं भय सगळ्याच धानपट्ट्यांत असतं. पवनीकडे त्यात वाघाची भर आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य याच भागात येतं. देशभर गाजलेला ‘जय’ नावाचा वाघ इथलाच, २०१६ साली तो दिसेनासा झाला. तेव्हा स्टार्टरच्या बाजूला सिमकार्डवाला एक डबा बसवायचा आणि घरच्या खाटेवरून मिस्ड कॉल देऊन मोटर चालू करायची, याला इथे कोणी चैन म्हणत नाही.

ही युक्ती सर्वांत आधी ज्यांनी बाजारात आणली त्यांत पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल आहेत. म्हाताऱ्या आजोबांना रात्री-अपरात्री मोटरीसाठी शेतात जाताना त्यांनी पाहिलं होतं. त्यातून पुढे ‘नॅनो गणेश’ हे यंत्र झालं, आणि २००९ साली नोकियाने जगभरातल्या संशोधकांसाठी घेतलेल्या स्पर्धेत त्याला पुरस्कार मिळाला. आता असे डबे कितीतरी कंपन्या बनवतात. तालुक्याच्या गावी मोटर रिवायंडिंगच्या दुकानात ते वायरच्या भेंडोळ्यांशेजारी टांगलेले दिसतात.

डबा उघडला तर आत फारसं काही नसतं. मोटरचा कॉन्टॅक्टर ओढणारा रिले, मोबाइलच्या टॉवरशी बोलणारा मोडेम आणि या दोघांच्या मधे बसलेली, नखाएवढी एक चिप. तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. कॉल कोणाचा आला, नंबर ओळखीचा आहे का, तिन्ही फेज आहेत का, विहिरीत पाणी आहे का, हे सगळं ती बघते. कोणती चिप घ्यायची ते कंपनीगणिक बदलतं. पण कॉलेजातली पोरं ज्या आर्डुइनो उनो बोर्डवर असले प्रयोग करतात, त्यावरची एटीमेगा ३२८पी ही चिप नमुन्याला घ्यायला हरकत नाही. प्रोग्राम ठेवायला तिच्याकडे ३२ किलोबाइट जागा असते. काम करताना आकडे आणि मजकूर तात्पुरते ठेवायची जागा, म्हणजे रॅम, फक्त २ किलोबाइट. बाइट मोजायचे तर २,०४८. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला ‘सुप्रभात’चा एखादा फोटो याच्या शंभरपट भरतो.

या दोन किलोबाइटमध्ये संसार कसा चालतो, हा या लेखाचा विषय आहे. त्याचं श्रेय ज्या गोष्टीला जातं तिचं नाव डब्यावर कुठेच छापलेलं नसतं. ती म्हणजे चिपच्या मापाने कातरलेली ‘स्टँडर्ड लायब्ररी’.

प्रोग्राम लिहिणारा माणूस सगळंच स्वतः लिहीत नाही. दोन शब्द सारखे आहेत का ते पाहणं, आकड्याचं अक्षरांत रूपांतर करणं, वर्गमूळ काढणं, तारीख-वेळ मांडणं ही कामं प्रत्येकाला लागतात. म्हणून ती एकदाच नीट लिहून ठेवलेली असतात. डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये सी भाषा घडवली आणि तिच्याभोवती अशा तयार फंक्शनांचा साठा जमत गेला. पण प्रत्येक कंपनीचा साठा थोडा वेगळा. एका यंत्रावर चालणारा प्रोग्राम दुसऱ्यावर अडायचा. म्हणून १९८३ साली अमेरिकेत एक समिती बसली, आणि १९८९ साली सी भाषेचं प्रमाण ठरलं. भाषेच्या व्याकरणाबरोबर लायब्ररीत काय काय असलंच पाहिजे याचीही यादी झाली, तिचे पंधरा विभाग पडले.

त्या समितीने एक शहाणपणाची फट ठेवली. सी भाषा चालणारी यंत्रं तिने दोन प्रकारची मानली. एक ऑपरेटिंग सिस्टीमच्या आश्रयाने चालणारं, त्याला पूर्ण लायब्ररी हवी. दुसरं उघड्यावरचं, जिथे ना डिस्क, ना पडदा, ना कीबोर्ड. त्याच्यावर पंधरापैकी फक्त चार विभागांची सक्ती, आणि त्या चारांतही मुख्यतः व्याख्या आणि मर्यादांचेच आकडे. बाकीचं ज्याचं त्याने पाहावं. बांधावरचा डबा हा असा उघड्यावरचा.

मग तो नेतो काय? शेतावर जाणारा माणूस घरचा ओटा उचलून नेत नाही, फडक्यात भाकर-चटणी बांधून नेतो. लिनक्सच्या मोठ्या संगणकांवर जी लायब्ररी चालते, ती ग्नू प्रकल्पाची जीलिबसी, हा घरचा ओटा आहे. जगातल्या कितीतरी भाषांच्या तारखा नि चलनं, पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे प्रोग्राम आजही चालावेत यासाठी जपलेले जुने दरवाजे, असं सगळं तिच्यात आहे. मराठीसाठीही तिच्यात वेगळी नोंद आहे. ही श्रीमंती वाईट मुळीच नाही, फक्त ती बांधावर पोचत नाही.

किती फरक पडतो ते रिच फेल्कर या प्रोग्रामरने केलेल्या एका तुलनेत दिसतं. पडद्यावर एक ओळ छापून थांबणारा, शिकाऊ माणसाचा पहिला प्रोग्राम घ्यायचा आणि लागणारी लायब्ररी त्याच्या पोटातच भरून द्यायची. जीलिबसी घेतली तर तो ६६२ किलोबाइटचा झाला. हलक्या लायब्रऱ्यांपैकी यूसीलिबसी घेतली तर ७०, मसल घेतली तर १३ आणि डाएटलिबसी घेतली तर ६. मसल ही खुद्द फेल्कर यांनीच लिहिलेली आहे, तेव्हा पंच आणि खेळाडू एकच हे ध्यानात ठेवावं. तरी आपल्याहून हलकी निघालेली डाएटलिबसी त्यांनी तक्त्यात ठेवली, हेही खरं.

एक ओळ छापायला ६६२ किलोबाइट कशाला लागतात? लायब्ररी म्हणजे शेकडो तुकड्यांची थप्पी. प्रोग्राम बांधताना लिंकर नावाचं अवजार त्यातले हवे तेवढेच तुकडे उचलतं, निदान तसं अपेक्षित असतं. पण रोवणीच्या वेळी पऱ्हे उपटताना काय होतं? काडी एक हवी असते, हातात येते ती मुळांच्या जाळ्यासकट आणि चिखलाच्या गोळ्यासकट. छपाईचं फंक्शन ओढलं की त्याच्यामागे दशांश आकडे मांडणारं येतं, त्याच्यामागे मेमरी मागणारं, त्याच्यामागे भाषेचे संकेत पाहणारं. हलकी लायब्ररी लिहिणाऱ्याचं बरंचसं कसब ही मुळं एकमेकांत न गुंतू देण्यात असतं. एका फाइलीत एकच फंक्शन, आणि एकाने दुसऱ्याला उगाच हाक मारायची नाही.

सगळ्यांत जास्त चिखल घेऊन येणारं फंक्शन म्हणजे ‘प्रिंटएफ’. सी शिकणाऱ्या प्रत्येकाची पहिली ओळख त्याच्याशीच होते. त्याला एक साचा द्यायचा, रिकाम्या जागी कोणत्या जातीचा आकडा बसेल ते टक्क्याच्या खुणेने सांगायचं, ते नीटनेटकं छापून देतं. साचा मात्र प्रोग्राम चालू असताना वाचला जातो. त्यात कोणती खूण येईल हे लिंकरला आधी कळत नाही, म्हणून तो बिचारा सगळ्याच खुणांची तयारी बरोबर घेतो. त्यात सर्वांत जड खूण ‘टक्का-एफ’ची, दशांश अपूर्णांकाची. संगणकातला दशांश आकडा दोनच्या घातांत साठवलेला असतो. तो दहाच्या घातांत अचूक उलगडणं हे भल्याभल्यांना घाम फोडणारं गणित आहे.

एव्हीआर जातीच्या चिपांसाठी, म्हणजे वर सांगितलेल्या एटीमेगासाठी, एव्हीआर-लिबसी नावाची लायब्ररी आहे. तिने यावर सरळ तोडगा काढला आणि प्रिंटएफच्या तीन आवृत्त्या ठेवल्या. एक अगदी फाटकी. एक मध्यम, जी न मागता मिळते. तिला पूर्णांक येतात, अपूर्णांक येत नाहीत. तिसरी पूर्ण, ती हवी असेल तर लिंकरला तसं स्पष्ट सांगावं लागतं आणि साधारण दीड किलोबाइट जास्त मोजावे लागतात. आता होतं काय, की इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला मुलगा तापमापक बनवतो, सेन्सर लावतो, आकडा साच्यात घालतो, आणि पडद्यावर येतं नुसतं एक प्रश्नचिन्ह. तो वायर हलवून पाहतो. सेन्सर बदलतो. दोन दिवस जातात. सेन्सर ठीक असतो, वायरही ठीक असते. ‘अपूर्णांक मला येत नाहीत’ हे लायब्ररी तिच्या भाषेत सांगत असते. ज्याने हे प्रश्नचिन्ह एकदा पाहिलं, तो लायब्ररी निवडताना पुन्हा बेफिकीर राहत नाही.

मुरलेले लोक अपूर्णांकाच्या वाटेला जातच नाहीत. धान खरेदीच्या वेळचंच पाहा. आधारभूत किमतीने विकायच्या धानात ओलावा सतरा टक्क्यांच्या वर चालत नाही. केंद्रावर ओलावामापकाच्या वाटीत मूठभर दाणे घालतात आणि पडद्यावर १६.८ असा आकडा उमटतो. ट्रॅक्टर घेऊन आलेल्या माणसाचा श्वास तेवढा वेळ अडकलेला असतो. या आकड्यासाठी अपूर्णांकाची गरज नाही. यंत्रात १६८ ठेवायचे, म्हणजे टक्क्याचे दहावे भाग. दाखवताना दहाने भागायचं. भागाकार आला १६, तो छापायचा, मग टिंब, मग बाकी उरलेले ८. शेताचा हिशेब गुंठ्यांत आणि दुधाचा मिलिलिटरमध्ये ठेवणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

याचा एक देखणा नमुना पवईत आहे. आयआयटी मुंबईच्या ‘ई-यंत्र’ उपक्रमाने देशभरातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांत ‘फायरबर्ड-५’ हा छोटा चाकांचा रोबो पोचवला. प्रा. कवी आर्य यांच्या नेतृत्वाखाली हा उपक्रम वाढला. या रोबोच्या एका लोकप्रिय आवृत्तीत एटीमेगा २५६० ही चिप आहे. प्रोग्रामला २५६ किलोबाइट, रॅम ८ किलोबाइट. आपल्या डब्याच्या मानाने सावकारच. तरीही पडद्यावर आकडा छापण्याचं जे नमुन्याचं फंक्शन विद्यार्थ्यांच्या हाती दिलं जातं, त्यात प्रिंटएफ नाही. आकड्याला हजाराने, शंभराने, दहाने भागत जायचं, सुटा झालेला प्रत्येक अंक घ्यायचा, त्यात ४८ मिळवायचे आणि पडद्याकडे पाठवायचा. ४८ का? तर संगणकाच्या अक्षरसूचीत शून्य या चिन्हाचा क्रमांक ४८ आहे, पुढचे अंक ओळीने त्यानंतर. पहिल्यांदा हे वाचताना मुलं थबकतात, आणि मग प्रिंटएफच्या पोटात काय चालत असेल याचा अंदाज त्यांना येतो.

दुसरी जड गोष्ट म्हणजे मेमरी मागण्याची सोय, ‘मॅलॉक’. प्रोग्राम चालता चालता ‘मला शंभर बाइट दे’ म्हणतो आणि काम झाल्यावर परत करतो. मोठ्या संगणकावर हे दर सेकंदाला हजारो वेळा होतं. दोन किलोबाइटच्या घरात मात्र त्याचं धुऱ्याचं भांडण होतं. या चिपांमध्ये मागून घेतलेली मेमरी खालच्या टोकाकडून वर वाढत जाते, आणि फंक्शनांचा चालू हिशेब, म्हणजे स्टॅक, वरच्या टोकाकडून खाली उतरतो. मधे कुंपण नाही, तलाठी नाही. एकाने दुसऱ्याचा धुरा कोरला तरी कोणी ओरडत नाही. एवढंच होतं की महिनाभर नीट चाललेला डबा एक दिवस भलत्याच नंबरला उत्तर देतो. बंद करून चालू केला की पुन्हा शहाण्यासारखा वागतो, म्हणून दोष विजेवर जातो.

मोटारगाड्यांच्या सॉफ्टवेअरसाठी ‘मिस्रा’ नावाची जी नियमावली जगभर पाळतात, तिने चालू प्रोग्राममध्ये मॅलॉक वापरायलाच मनाई केली आहे, आणि प्रिंटएफच्या कुटुंबालाही. ब्रेकचा हिशेब करणाऱ्या चिपला मधेच मेमरी मिळाली नाही, तर ती कोणाकडे तक्रार करणार?

मराठी माणसाला या सगळ्यात एक जास्तीचा भुर्दंड आहे, आणि तो मोजून दाखवता येतो. ‘MOTOR ON’ असा निरोप रोमन लिपीत आठ बाइटचा, शेवटची खूण धरून नऊ. ‘मोटर सुरू झाली’ हा निरोप वाचताना सात अक्षरांचा. पण युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक वर्ण आणि प्रत्येक मात्रा तीन बाइट घेते. चौदा चिन्हं, त्यातल्या दोन मोकळ्या जागा एकेक बाइटच्या, उरलेली बारा तीन-तीनची. एकूण ३८ बाइट. लांबी मोजणाऱ्या ‘स्ट्रलेन’ला विचारलं तर ते इमानदारीत ३८ सांगतं, कारण त्याला बाइट कळतात, अक्षरं नाहीत. प्रोग्रामरने वीस बाइटची जागा ठेवली आणि मजकूर तिथे कापला, तर ‘मोटर सु’ एवढंच शाबूत राहतं आणि पुढच्या ‘र’चा एक तृतीयांश लचका उरतो, जो कोणत्याही पडद्यावर धड दिसत नाही. एसएमएसमध्येही तेच. रोमन मजकुराला १६० चिन्हांची मुभा, देवनागरीला ७०.

शिवाय दोन ओळींचा तो स्वस्त हिरवा-निळा पडदा आपल्याकडे ज्या चिपवर चालतो, तिच्यात स्वतःची अक्षरं रेखाटायला एका वेळी फक्त आठ घरं असतात. त्यात ‘मोटर सुरू’ जेमतेम बसेल, ‘फेज नाही’ पुढच्या वेळी. म्हणून मराठी शेतकऱ्याच्या डब्यावर इंग्रजी शब्द दिसतात आणि काही कंपन्या सरळ रेकॉर्ड केलेला मराठी आवाज फोनवर ऐकवतात. भाषेबद्दलची अनास्था यात मुळीच नाही असं नाही. पण अर्धं कारण हे बाइटांचं आहे.

चिपा जशा मोठ्या झाल्या तशा लायब्रऱ्याही. आज बहुसंख्य उपकरणांत एआरएम जातीची चिप असते, आणि तिच्या मागे बहुधा न्यूलिब ही लायब्ररी. सिग्नस या अमेरिकन कंपनीने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ती एकत्र केली. तिची रचना फार समंजस आहे. ऑपरेटिंग सिस्टीम नाही? हरकत नाही. ‘एक अक्षर बाहेर पाठव’, ‘एक अक्षर आत घे’, ‘थोडी मेमरी दे’ अशी मोजकी फंक्शनं तेवढी तुम्ही लिहून द्या, बाकी सगळा डोलारा मी त्यावर उभा करते, असं ती म्हणते. मग तुमचं ‘बाहेर’ म्हणजे पडदा असो, मोडेम असो की नुसती एक तार.

पण न्यूलिबही काळाबरोबर अंगाने भरली. तिचं प्रिंटएफ अपूर्णांकांसकट घेतलं की वीस-तीस किलोबाइट सहज जातात. म्हणून एआरएमने तिची ‘न्यूलिब-नॅनो’ ही बारीक आवृत्ती काढली, आणि त्यातही अपूर्णांक मागितल्याशिवाय मिळत नाहीत. इथे तर प्रश्नचिन्हही येत नाही, आकड्याची जागा कोरी राहते. पुढे कीथ पॅकार्ड यांनी न्यूलिबचं गणित आणि एव्हीआर-लिबसीचा छापखाना यांची सांगड घालून २०१९च्या सुमारास ‘पिकोलिबसी’ केली. पॅकार्ड हे लिनक्सच्या पडद्यामागच्या एक्स विंडो प्रणालीतलं मोठं नाव, आणि फावल्या वेळात हौशी रॉकेटं उडवणारे गृहस्थ. रॉकेटमधल्या चिपला लागली म्हणून त्यांनी या उद्योगात हात घातला. सगळ्याच चांगल्या लायब्रऱ्यांची जन्मकथा जवळपास अशीच असते, कोणाची तरी चिप भरून वाहत होती.

या कहाणीतला एक अध्याय पुण्यात घडलेला आहे, आणि तो पुण्यातही फारसा कोणाला माहीत नाही. १९९० साली सुरू झालेली केपीआयटी ही कंपनी पुढे काही वर्षं ‘केपीआयटी कमिन्स’ या नावाने ओळखली जात होती. जपानच्या रेनेसास कंपनीच्या चिपांसाठी लागणारी ग्नूची अवजारपेटी, म्हणजे कंपायलर, लिंकर आणि सोबत न्यूलिब, ही मंडळी पुण्यात बांधून, तपासून जगभर फुकट वाटत असत. जगात कुठेतरी कोणी रेनेसासच्या चिपवर काम करत असेल तर त्याच्या संगणकावर उतरलेली पेटी पुण्यात बांधलेली असण्याची शक्यता मोठी होती. ग्नूच्या मूळ कंपायलरमध्ये, जीसीसीमध्ये, सीआर१६ या चिपसाठीचा अख्खा विभाग २०१२च्या सुमारास दाखल झाला. त्याच्या फाइलींच्या माथ्यावर देणगीदार म्हणून केपीआयटी कमिन्सचं नाव होतं. चिप मागे पडली, तसा तो विभाग पुढे काढूनही टाकला गेला. त्याच सुमारास पवईत प्रा. उदय खेडकर यांच्याकडे जीसीसीचं संशोधन केंद्र चालत होतं आणि कंपायलरच्या पोटात शिरायला शिकवणाऱ्या कार्यशाळा भरत होत्या. सॉफ्टवेअर म्हणजे बँकांचे व्यवहार नि वेबसाइटी, अशी समजूत असलेल्या राज्यात इतक्या खालच्या मजल्यावरची कामं झाली, ही नोंद कुठेतरी असायला हवी.

डब्याहून मोठी, पण संगणकाहून लहान अशी एक मधली जात आहे. घरातला वाय-फाय राउटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर. यांच्यात लिनक्स असतं, पण दरिद्री. या जातीसाठी एरिक अँडरसन यांनी यूसीलिबसी मोठी केली; नावातला ‘यू’ हा खरं तर ‘सूक्ष्म’ या अर्थाचा ग्रीक म्यू. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर २००२च्या अखेरीस आला. त्याच्यात लिनक्स आहे हे लोकांनी ओळखलं, परवान्याप्रमाणे कंपनीला त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला, आणि त्यातून २००४ साली ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प निघाला. ४ मेगाबाइट फ्लॅश आणि १६ मेगाबाइट रॅममध्ये अख्खा राउटर बसला, तो यूसीलिबसीच्या जोरावर. २०११ साली फेल्कर यांची मसल आली. कोड वाचायला स्वच्छ आणि परवाना सैल. आपल्या यंत्रात लायब्ररी पोटातच भरून विकणाऱ्या कंपन्यांना परवान्याची ही बाब बाइटांइतकीच महत्त्वाची असते. २०१५ साली ओपनडब्ल्यूआरटीही मसलकडे वळलं.

यूसीलिबसीचं मग काय झालं? तिची शेवटची आवृत्ती मे २०१२मध्ये निघाली आणि काम थंडावलं. काही जणांनी तिची फांदी काढून ‘यूसीलिबसी-एनजी’ म्हणून पुढे चालवली. पण तोवर ती असंख्य उपकरणांत जाऊन बसली होती. २०२२ साली नोझोमी नेटवर्क्स या सुरक्षासंस्थेने तिच्यातली एक खोड जाहीर केली. वेबसाइटचा पत्ता विचारताना उपकरण प्रत्येक प्रश्नावर एक क्रमांक टाकतं, आणि उत्तरावर तोच क्रमांक असेल तरच ते खरं मानतं. क्रमांक अंदाजपंचे, न ओळखता येणारा हवा. या लायब्ररीत तो ओळीने वाढत होता. बँकेत टोकन नंबर ओळीने लागतात तसा, आणि पुढचं टोकन कोणाला आधीच कळलं तर तो तुमच्या नावाने खिडकीवर उभा राहू शकतो. जागा आणि वेळ वाचवायला केलेल्या साधेपणाची किंमत कधी कधी अशी उशिरा कळते. मोबाइलला अपडेट येतात. भिंतीवरच्या राउटरला कोण अपडेट करतं?

बांधावरच्या डब्याची गत तर याहून पक्की. त्यातला प्रोग्राम आणि त्याच्या पोटातली लायब्ररी कारखान्यात एकदा भरली की डबा जळेपर्यंत तीच. सध्या सौर पंपांची कामं जोरात आहेत, ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत गावोगाव पॅनेल उभी राहताहेत, आणि प्रत्येक पंपाच्या कंट्रोलरमध्ये अशी एक चिप आहे. आज बसवलेला पंप बारा-तेरा वर्षं चालावा, ही काही फार मोठी अपेक्षा नाही.

आणि तिथे एक तारीख आडवी येते. सी लायब्ररीत वेळ मोजायची रूढ पद्धत म्हणजे १ जानेवारी १९७०पासून किती सेकंद झाले ते मोजणं. तो आकडा ३२ बिटांच्या खात्यात, धन-ऋण खुणेसकट ठेवला तर १९ जानेवारी २०३८ रोजी खातं भरतं. भारतातल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. पुढच्या सेकंदाला आकडा उलटतो आणि यंत्राला वाटतं, डिसेंबर १९०१ उजाडला. मसलने २०२० साली १.२.० आवृत्तीत हे खातं ३२ बिटांच्या चिपांवरही ६४ बिटांचं केलं. एव्हीआर-लिबसीची गोष्ट आणखी गमतीची. सगळ्यांत लहान चिपांसाठी लिहिलेल्या या लायब्ररीने खातं ३२ बिटांचंच ठेवलं, फक्त मोजणी १ जानेवारी २००० पासून धरली आणि ऋण खूण काढून टाकली. तिचं घड्याळ २१३६ पर्यंत जातं, आणि त्यासाठी तिने एकही बाइट जास्तीचा घेतलेला नाही.

जानेवारीचा तिसरा आठवडा म्हणजे चौरासात उन्हाळी धानाच्या रोवणीची लगबग. २०३८च्या त्या सकाळी पावणेनऊला बांधीत पाणी सोडलेलं असेल, बाया ओळीने वाकलेल्या असतील, आणि धुऱ्यावर दोन मोटरी शेजारी शेजारी चालू असतील. एका डब्यात कोणती लायब्ररी भरली होती आणि दुसऱ्यात कोणती, हे तेव्हा कळेल. ‘रोज सहा तास’ असं वेळापत्रक लावलेल्या त्या दोन मोटरींपैकी एखादी मधेच थांबली तर.